आडातली हवा

त्या साली पाणी दोन महिने आधीच खाली गेलं. ज्या विहिरींत पोरं उड्या मारायची, त्यांच्या तळाला चिखल दिसायला लागला, आणि ज्याला त्याला गाळकाढ्यांची आठवण झाली.

गाळकाढे म्हणजे एकच घर. म्हातारी, तिचे दोन मुलगे आणि थोरल्याची बायको. थोरला आणि धाकटा आळीपाळीने विहिरीत उतरायचे, गाळ घमेल्यात भरायचे. वर रहाटाच्या एका दांड्याला म्हातारी, दुसऱ्याला सून. धाकट्याचं लग्न अजून व्हायचं होतं, म्हणजे घरात धाकटी कुणी नव्हतीच, तरी सुनेला सगळे थोरलीच म्हणत.

त्या दिवसांत त्यांचं काम लिंबाच्या बागेत चाललं होतं. बागेतला आड जुना, तोंडाला जेमतेम सात फूट रुंद, खाली दहा पुरुष, म्हणजे साठेक फूट खोल. तीनशे झाडं त्या एका आडावर. पानं कडेने आत वळली होती. हात लावला की कागदासारखी वाजायची. बागवाला सकाळ-संध्याकाळ झाडांमधून फेऱ्या मारायचा आणि गाळाच्या ढिगाकडे असा बघायचा, जसा काही ढीग लहान राहिला तर पावसाचा नाही, यांचाच दोष.

तळाला गाळ होता आणि गाळात पाझर. उपसलं तरी तासाभरात गुडघाभर पाणी साचायचं. म्हणून बागवाल्याने पेट्रोलवर चालणारं नवं इंजिन आणलं आणि आडात चाळीस फुटांवर दोन तुळया टाकून त्यांच्यावर बसवलं. वर ठेवलं तर पाणी ओढत नव्हतं. तुळयांच्या बाजूने माणूस आणि घमेलं जाईल एवढी फट ठेवली. इंजिन दिवसभर धडधडायचं, नळीतून गढूळ पाणी बागेत पडायचं आणि धूर आडाच्या तोंडातून वर येताना दिसायचा.

"धूर वर जातो, माणूस खाली असतो," इंजिन बसवणारा म्हणाला. ते सगळ्यांना पटलं.

इंजिन सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा वर आला तो वाकडाच चालत आला. चार पावलं टाकली आणि लिंबाच्या बुंध्याला धरून ओकला.

"काय झालं रे?" म्हातारीने दांडा सोडला.

"डोकं. फुटतंय नुसतं." तो खाली बसला. पाय पसरले. "गुडघ्यात जीवच नाही."

"पित्त झालंय. सकाळी दोन घास खाऊन ये म्हटलं तर ऐकत नाहीस."

थोरल्याने आडात वाकून पाहिलं. खाली, गाळाच्या काठाला, कडीला टांगलेला कंदील पिवळाधमक तेवत होता. गाळकाढ्यांचा नेमच तो. आधी कंदील खाली सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. तेवत राहिला तर उतरायचं आणि डोळ्यांसमोर ठेवून काम करायचं.

"कंदील तर ठीक आहे," तो म्हणाला. "ऊन लागलं असेल."

थोरली धाकट्याला पाणी देत होती. दहा पुरुष खाली ऊन कुठून लागणार, हे तिच्या जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. धाकट्याचे गाल लाल झाले होते. डोळे एका जागी ठरत नव्हते. पेला त्याने दोनदा तोंडाच्या शेजारी नेला, मग तोंडाला लागला.

तिने मान वळवून आडातून वर येणाऱ्या धुराकडे पाहिलं.

*

थोरलीला वाचायचा नाद होता. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही. फोन आला तसा तिला त्यातला ज्ञानकोश सापडला. काहीही विचारा, पान उघडतं. काच कशी करतात, मीठ कुठून येतं, पहिलं घड्याळ कुणी बनवलं, शाई कशाची असते. रेंज घरात यायची नाही, गच्चीवर यायची. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर गेली की तासाभराने उतरायची.

"कपडे वाळेपर्यंत राखण करते का गं?" म्हातारी विचारायची.

मागच्या वर्षी तिने साबणाचं पान वाचलं आणि राखेचं पाणी नि चरबी उकळून घरी साबण केला. पहिला हात म्हातारीने धुतला. कातडं सोललं. आठ दिवस म्हातारीला रहाटाचा दांडा धरता आला नाही, कामावर मावशीच्या मुलीला आणावं लागलं. नंतर थोरलीने तेच पान पुन्हा वाचलं, तर खाली लिहिलं होतं: वड्या महिनाभर सुकू द्याव्यात. ती ओळ तिने वाचलीच नव्हती. तेव्हापासून घरात कुणी काही आगाऊ बोललं की दुसरा म्हणायचा, "हा थोरलीचा साबण तर नाही ना?" आणि सगळे हसायचे. तीही हसायची. पण तेव्हापासून ती प्रत्येक पान शेवटापर्यंत वाचायची, दोनदा.

त्या संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला गेली आणि कपडे दोरीवरच राहिले.

तिने 'विहीर' लिहिलं. पान उघडलं. अकरा ओळी. विहीर म्हणजे पाण्यासाठी खणलेला खड्डा, ती गोल असते, चौकोनी असते. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. 'आड' लिहिलं तर एक गाव निघालं आणि एक आडनाव. 'विहिरीतली हवा' लिहिलं तर काहीच नाही. 'विहिरीत चक्कर' लिहिलं तर कानाच्या आजाराचं पान आलं.

खाली रस्त्याने धाकटा भिंतीला धरून घराकडे येताना दिसला.

तिने विचार केला, आपल्यासारखं खाली कोण उतरतं? खाणवाले. 'खाण' लिहिलं. हे पान लांबलचक होतं. कुदळी, शिड्या, रहाट, आपल्यासारखाच रहाट चित्रात काढलेला. मग खाणीतली हवा. कंदील. आणि खाली एक चित्र: खाणवाल्याच्या हातात पिंजरा, पिंजऱ्यात चिमणीएवढा पिवळा पक्षी. खाणवाले पक्षी बरोबर नेत, पक्षी दांड्यावरून पडला की सगळे वर पळत.

तिथे ती थांबली. कंदील होता, मग पक्षी कशाला?

पक्ष्याच्या नावावर बोट ठेवलं, दुसरं पान उघडलं. त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं, तिसरं उघडलं. ते कुणीतरी दुसऱ्या भाषेतून घाईघाईने उतरवलेलं होतं, वाक्यं उलटीसुलटी. ती ओठ हलवत वाचत गेली. एक वायू असतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. जळण पुरतं जळलं नाही की निघतो, बंद खोलीतल्या शेगडीतून, इंजिनातून. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, माणसाला वाटतं झोप आली. कधी चेहरा लाल दिसतो. माणूस मरतो तेवढ्या वायूने दिवा विझत नाही.

ती ओळ तिने पाच वेळा वाचली. मग पान शेवटापर्यंत वाचलं, साबणाची आठवण ठेवून. शेवटी लिहिलं होतं की अशा जागी पडलेल्या माणसाला काढायला उतरणारे पुष्कळदा त्याच्याबरोबर मरतात.

खालून म्हातारीने हाक मारली. थोरली कपडे न घेताच खाली आली.

*

जेवताना तिने सांगितलं. धाकटा जेवला नव्हता, कपाळाला ओला फडका बांधून भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"म्हणजे कंदील खोटा?" थोरला म्हणाला.

"खोटा नाही. शिळ्या हवेला खरा आहे. इंजिनाच्या हवेला नाही."

"हवा शिळी असते आणि ताजी असते. इंजिनाची वेगळी हवा कुठली काढलीस?"

"अहो, लिहिलंय. खाणीत—"

"आम्ही खाणीत उतरतो का?" त्याने ताट पुढे सरकवलं. "माझा बाप पन्नास वर्षं कंदील घेऊन उतरला आणि खाटेवर मेला. पाणी पीत पीत मेला. विहिरीत नाही मेला."

"मामंजींच्या वेळी इंजिन होतं का पण?"

त्याने ताटातच हात धुतला. म्हातारीने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि हळूच म्हणाली, "साबणाचंही लिहिलेलंच होतं गं बाई."

थोरलीने त्याचं ताट उचललं. खरंच होतं ते. हे पान कुणी लिहिलं, त्याने कधी आड पाहिला होता का, तिला तरी काय माहीत? पण धाकटा कुशीवर वळला आणि भिंतीकडे बघतच म्हणाला, "वहिनी, झोप आल्यासारखं वाटत होतं मला. खाली. उभ्याउभ्याच."

"दमला होतास," थोरला म्हणाला. "उद्या मी उतरतो. तू वर राहा."

थोरलीला रात्रभर डोळा लागला नाही.

*

सकाळी ते पोचले तेव्हा इंजिन तासभर आधीच चालू केलेलं होतं. बागवाला आडाच्या काठावर उभा होता, बरोबर शेजारच्या शेतातले दोघे गप्पा मारायला आलेले. थोरलीने दोर खाली ठेवला आणि सरळ त्याच्यापाशी गेली.

"मालक, इंजिन बंद ठेवा. आत माणूस असताना तरी."

"का?"

तिने सांगितलं. फोनात वाचलेलं सगळं: वायू, दिवा, पक्षी. बोलताना तिलाच ते गोष्टीतल्यासारखं वाटायला लागलं. पक्ष्यापर्यंत आली तेव्हा शेजारचे दोघे तोंडावर हात ठेवून हसत होते.

"इंजिन बंद केलं तर गुडघाभर पाणी साचतं," बागवाला म्हणाला. "मग तुझा नवरा पोहत पोहत गाळ काढणार का?"

"मग वर ठेवा इंजिन."

"वरून ओढत नाही."

"हो, ते माहीत आहे. तेहतीस फुटांहून खालचं पाणी कुठलाच पंप ओढत नाही, तसा नियमच—"

"अरे वा!" तो शेजाऱ्यांकडे वळला. "नियम पण माहीत आहे. बाई, फोनात माझ्या झाडांचंही बघून ठेव, किती दिवस तग धरतील. मला तर चार दिसतायत." मग थोरल्याकडे बघून, "काय रे, उतरणार आहेस का दुसरे बघू? दुसऱ्या गावचे पाचजण आहेत. त्यांच्या बायका वाचत नाहीत."

थोरल्याचे कान लाल झाले. तो बायकोच्या जवळ आला आणि दातांतून म्हणाला, "दांडा धर."

"नाही."

"लोकांसमोर तमाशा करू नकोस. दांडा धर."

"एका अटीवर." तिने खाली ठेवलेल्या दोराकडे बोट दाखवलं. "जुना दोर आहे ना, तो छातीला बांधा. खाली गेल्यावर सोडायचा नाही, घमेल्याच्या मध्ये आला तरी सोडायचा नाही. आणि मी हाक मारली की ओ द्यायची. दर हाकेला. तुम्ही ओ दिली नाही की मी ओढणार."

"लहान मूल आहे का मी?"

"कबूल करा, मी दांडा धरते."

त्याने आकाशाकडे पाहिलं, मग जुना दोर उचलला आणि काखेतून घेऊन छातीला गाठ मारली. तिने ती गाठ सोडून पुन्हा स्वतः बांधली. दुसरं टोक रहाटावरच्या कप्पीवरून घेऊन रहाटाच्या खांबाला. बागवाला घड्याळ बघत होता.

कंदील खाली गेला. तेवला. थोरल्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि उतरला.

पहिली घमेली भराभर आली. काळा गाळ, कुजक्या पानांचा वास, मध्येच एखादं फुटकं मडकं. म्हातारी आणि थोरली दांडा फिरवायच्या, धाकटा घमेलं काठावर रिकामं करायचा. त्याचं डोकं अजून ठणकत होतं, घमेलं उचलताना डोळे बारीक करायचा.

"अहो!"

"ओ!"

एक घमेलं. दुसरं घमेलं.

"अहो!"

"ओ! मेलो नाही अजून!"

शेजारचे हसले. बागवालाही हसला. इंजिनाची धडधड काठाच्या दगडांतून तिच्या तळपायांत येत होती. आठव्या घमेल्यापर्यंत ओ लगेच आली. नववं घमेलं अर्धंच भरून आलं.

"अहो!"

"...ओ."

"दमलात का?"

उत्तर नाही. मग बऱ्याच वेळाने, "बसतो जरा."

"बसू नका! अहो, बसू नका, दोर धरा!"

"झोप..." एवढंच आलं. की तिला तसं ऐकू आलं.

तिने दांडा सोडला. आडात वाकली. खाली कंदील होता, पिवळा, जराही न हलणारा, आणि त्याच्या उजेडात थोरला भिंतीला टेकून पाय पसरून बसलेला, मान छातीवर. हातात फावडं तसंच.

"दादा!" धाकट्याने पाहिलं मात्र, तो भिंतीतल्या उतरायच्या लोखंडी कड्यांकडे धावला. एक पाय आत गेलासुद्धा. थोरलीने त्याला मागून कमरेला मिठी मारली आणि दोघं काठावर आदळले.

"सोडा वहिनी!"

"तू खाली गेलास तर ह्यांना ओढणार कोण?" लग्न होऊन आल्यापासून तिने दिराला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "दोर धर! धर म्हणते ना!"

बागवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो कड्यांपाशी आला होता. "इंजिन... इंजिन बंद करून येतो मी, वरच तर आहे—"

"मालक, पाय काढा!" ती ओरडली. "कुणी उतरायचं नाही! इकडे या, दोराला या!"

तो आला. शेजारचे दोघेही आले. म्हातारी आधीच दोराला लागली होती. सहा जणांनी दोर खांद्यावर घेतला आणि झाडांच्या दिशेने चालायला लागले. कप्पी किंचाळली. दोर ताणला. खाली काहीतरी जड जमिनीवरून सुटलं आणि वर येऊ लागलं.

मग अडकलं.

थोरली धावत काठावर गेली. तो तुळयांखाली आला होता. खांदा तुळईला खालून टेकला होता, डोकं मागे लोंबत होतं, आणि इंजिन त्याच्या तोंडावर धूर सोडत होतं.

"खाली सोडा! हातभर सोडा!"

"सोडा?" धाकटा ओरडला.

"हातभरच! थांबा! धरून ठेवा!"

तो खाली गेला. ती पोटावर पडली, घमेल्याचा दोर हातात घेतला आणि त्या दोराने थोरल्याच्या दोराला झोका दिला. पहिला झोका वाया गेला. दुसऱ्याला तो फटीकडे वळला. "ओढा आता! ओढा!" खांदा तुळईला घासत गेला, सदरा फाटला, आणि तो फटीतून वर आला.

त्याला काठावरून उचलून त्यांनी वाऱ्याच्या बाजूला नेलं. गाल लाल, ओठ लाल, चांगला तजेलदार. म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "रंग तर बरा आहे गं, रंग बरा आहे," आणि थोरलीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने छातीवरचा दोर कापला आणि कान टेकला. श्वास होता. उथळ, मध्येच विसरणारा.

बागवाल्याने स्वतःची गाडी काढली. आडात इंजिन धडधडतच राहिलं, पेट्रोल संपेपर्यंत.

*

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला आणि मग पहिला प्रश्न विचारला, "आत इंजिन चालू होतं?"

"हो."

"त्याच्या मागे कोण कोण उतरलं?"

"कुणी नाही."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "कुणीच नाही?"

"कुणी नाही."

"मागच्या उन्हाळ्यात एका विहिरीतून माझ्याकडे तिघं आले," त्या म्हणाल्या. "बाप, मुलगा आणि शेजारी." मग त्या पुन्हा लिहायला लागल्या. धाकटा दाराशी उभा होता, तो तिथेच खाली बसला.

थोरला दुपारी डोळे उघडून बघायला लागला, संध्याकाळी बायकोला ओळखलं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, पण तो पूर्वीचा नव्हता. पेला धरला की पाणी हिंदकळायचं. बोलता बोलता शब्द हरवायचा, फावड्याला "ते... गाळाचं... ते" म्हणायचा आणि स्वतःवरच चिडायचा. महिनाभर विश्रांती, बाईंनी बजावलं होतं. बहुतेक सुटेल हे सगळं, म्हणाल्या. बहुतेक हा शब्द थोरलीला घरभर ऐकू येत राहिला.

बागवाला घरी आला. उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"दुसऱ्या लोकांना मी बोलावलेलं नाही," तो म्हणाला. "पण झाडं... तूच सांग काय करायचं ते."

हे तो थोरलीला म्हणाला. थोरला खाटेवर होता, त्याने भिंतीकडे पाहिलं.

थोरली गच्चीवर गेली. आता तिला भीती वाटत होती ती पानाची नाही, स्वतःची. एकदा खरं निघालं म्हणून दुसऱ्यांदा निघेलच असं थोडंच आहे? आणि आता उतरणार तो धाकटा. तिने खाणीचं पान पुन्हा काढलं. हवा आत कशी घालत, ते वाचलं. मोठाले भाते. हाताने फिरवायचे पंखे. तिथून जहाजांच्या पानावर गेली: जहाजाच्या तळाशी हवा पोचावी म्हणून खलाशी कापडाची लांब बाही शिवायचे, वरचं तोंड वाऱ्याकडे उघडं, खालचं टोक तळघरात. चित्र होतं. ती चित्राकडे इतका वेळ बघत राहिली की फोनचा उजेड दोनदा गेला.

कापडाची बाही तिला शिवता येत होती.

गिरणीवाल्याकडे धान्य वारवायचा हाताने फिरवायचा पंखा होता. तो मागून आणला. ताडपत्रीच्या जुन्या तुकड्यांची म्हातारीने आणि तिने मिळून साठ फुटांची नळी शिवली. दाभणाने बोटं भोकसली. दर हातभर अंतरावर तारेचं कडं, म्हणजे नळी चिपटणार नाही. इंजिन वर काढलं, तुळया काढल्या. पाणी आता रहाटानेच उपसायचं, काम दुपटीने; बागवाल्याने दोन गडी दिले आणि स्वतःही दांड्याला लागला. पंखा सकाळी तासभर नुसता फिरवला, मग थोरली म्हणाली, "आई, तुमची कोंबडी द्या."

"माझी कोंबडी?" म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरं उतरवली, आता कोंबडी पण उतरवायची?"

"आधी कोंबडी उतरवू, मग पोरगं."

म्हातारी पुटपुटत गेली आणि पाटीखाली झाकून कोंबडी घेऊन आली. कोंबडी कंदिलाशेजारी आरडाओरडा करत खाली गेली, अर्धा तास खाली कलकलाट करत राहिली आणि तशीच शिव्या दिल्यासारखी ओरडत वर आली. म्हातारीने तिला पोटाशी धरलं. "हिला काही झालं असतं ना..." म्हणाली, आणि मग एकाएकी तिचा चेहरा वाकडा झाला, डोळे भरून आले. त्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली.

धाकटा उतरला. छातीला दोर. पंख्यावर एक गडी. थोरली हाका मारायची, तो ओ द्यायचा. पाव तास खाली, अर्धा तास वर. कुणी घाई केली नाही. तरी प्रत्येक हाकेला तिचा जीव टांगणीला लागायचा, आणि हे काही सवयीने कमी होईना.

*

नळी सोडल्यापासून अकराव्या दिवशी तळाचा झरा मोकळा झाला. काही झाडं गेली होती, बरीच उरली.

थोरला त्या दिवशी पहिल्यांदा बागेत आला होता. सावलीत बसून बघत होता. इतक्या दिवसांत त्या सकाळबद्दल तो बायकोशी एक शब्द बोलला नव्हता, आणि तिनेही विषय काढला नव्हता.

दुपारी रस्त्याने पाचजण आले. दुसऱ्या गावचे गाळकाढे, ज्यांचं नाव बागवाल्याने काढलं होतं ते. पलीकडच्या गावात त्यांना काम मिळालं होतं. त्यांच्या गाडीत फावडी होती, दोर होते, आणि मागे पेट्रोलचं इंजिन, नवं कोरं.

"ऐकलं तुझं," त्यांच्यातला म्हातारा थोरल्याला म्हणाला. मग त्याची नजर पंख्याकडे आणि आडात गेलेल्या ताडपत्रीच्या नळीकडे गेली. "हे काय लावलंय?"

थोरलीने दांडा थांबवला. गाडीतल्या इंजिनाकडे तिचं लक्ष गेलं होतं. सांगायला हवं, पण काय सांगायचं, पक्षी, जहाज? शेजाऱ्यांचं हसणं तिच्या कानात होतं.

थोरल्याने नळीकडे मान वळवली. शब्द शोधत असावा.

"ही..." तो म्हणाला. "ही हवेची नळी. आमच्या बापाची पद्धत. जुनी."

म्हाताऱ्याने मान हलवली. "तुझा बाप जाणता होता. पन्नास वर्षं काढली त्याने."

"पन्नास वर्षं," थोरला म्हणाला.

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. थोरलीच्या बोटांना अजून दाभणाच्या जखमा होत्या. एका शब्दात ती त्याला खोटं पाडू शकली असती, आणि तो ते जाणून होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, हात मांडीखाली दाबून बसला होता, कापताना दिसू नयेत म्हणून. पाचही जण वाकून नळी बघत होते, कडी मोजत होते, शिवण चाचपत होते. एकानेही हसायला तोंड उघडलं नव्हतं.

"आणि इंजिन आत ठेवायचं नाही," ती म्हणाली.

पाचजणांनी तिच्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. त्याचे ओठ हलले, शब्द सापडला नाही.

"कंदील तेवत असला तरी नाही," थोरली म्हणाली. "कुणी आत पडलाच तर त्याच्या मागे उतरायचं नाही, वरून ओढायचं. छातीला दोर बांधल्याशिवाय पाय आत घालायचा नाही."

"हे कुणी सांगितलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मामंजी सांगायचे," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने पुन्हा मान हलवली, या वेळी सावकाश, आणि आपल्या माणसांकडे वळला. "इंजिन उतरवा रे गाडीतून. इथेच राहू दे, येताना नेऊ." मग थोरलीला म्हणाला, "ताडपत्री किती लागली, पोरी?"